पेनाची जाडी

नकाशांची खोली रिकामी करायचा हुकूम आलाय.
चार लोखंडी कपाटं, खणाखणांत शीट्स,
आणि वाळवीची पावडर टाकणारा मी,
शाबा च्यारी, प्रयोगशाळा सहायक, एकोणतीस वर्षं.

खांडेपारकर मॅडम मार्चमध्ये निवृत्त झाल्या.
भाषणांत सगळे उपग्रहांबद्दल बोलले.
मला त्यांचे पाय आठवत होते:
साडी खोचलेली, पोटऱ्यांपर्यंत चिखल,
चोडणच्या खाजनात, मानशीजवळ.
पलीकडे मी, तांबडा-पांढरा दांडा धरून.
"सरळ, शाबा. तू नव्हे, दांडा."

तिथंच कायतान भेटला, मानशीचा राखणदार.
त्यानं नकाशा आधी उलटा धरला, मग सुलटा,
ओल्या बोटानं नदीचा काठ दाखवला:
"बाई, ही रेघ भरतीची की ओहोटीची?"

फेरीबोटीत मॅडम एक शब्द बोलल्या नाहीत.
रायबंदरला उतरल्यावर म्हणाल्या,
"पीएच.डी.त हे मला कुणी विचारलंच नव्हतं."

त्या दिवसापासून प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात,
सूचीच्या खाली, मुंगीच्या अक्षरात:
भरती, दहा चाळीस, मंगळवार.
छापखाना ती ओळ गाळायचा.
त्या प्रुफात पुन्हा घालायच्या.
विभागप्रमुख विचारायचे, नकाशा आहे की पंचांग?

सांग्याकडे शीटवर डोंगर होता, उंची एकशे बत्तीस.
आम्ही पोचलो तर हिरव्या पाण्याचा खड्डा.
ट्रकवाला म्हणाला, डोंगर जपानला गेला.
त्या रात्री त्यांनी समोच्च रेषांना
आतल्या बाजूनं दात काढले.
खोलगटाची खूण ती, पहिल्याच वर्षी शिकवतात.
शेवटच्या दाताशी पेन थांबलं, शाईचा थेंब पडला.
मी ब्लेडनं खरवडायला गेलो.
"राहू दे," म्हणाल्या.

मग कोर्ट.
"मॅडम, तुमच्या रेघेची जाडी?"
"अर्धा मिलिमीटर."
"जमिनीवर?"
"पंचवीस मीटर."
"म्हणजे माझ्या अशिलाचं हॉटेल
रेघेच्या अलीकडे नाही, पलीकडेही नाही.
रेघेतच आहे!"
सगळे हसले. त्याही हसल्या.
"पंचवीस मीटरांत," त्या म्हणाल्या,
"दोन घरं आणि एक विहीर बसते.
तिथं आधी खारफुटी बसली होती."
केस आम्ही हरलो.
आम्हीच म्हणतो मी. दांडा माझ्या हातात होता.

संगणक आले. मुलं खुर्चीत बसून
शेतं पिवळी करू लागली, मग नारिंगी.
मॅडम त्यांना उठवून बाहेर पाठवायच्या:
रंग भरण्याआधी तिथल्या विहिरीचं पाणी चाखून या.
एक मुलगा बाटलीबंद पाणी पिऊन आला,
"गोड आहे" लिहिलं. त्याला नापास नाही केलं,
पुन्हा पाठवलं, माझ्याबरोबर, दुपारच्या उन्हात.

एकदा मी विचारलं, ह्यात माझं घर कुठे?
"तुझं घर प्रमाणात बसत नाही रे, शाबा."
मग इकडेतिकडे बघून
पेन्सिलीनं एक ठिपका दिला.
पुढच्या आवृत्तीत तो नव्हता.

आज टेम्पो आला. शीट किलोवर गेली.
रद्दीवाल्याला टिकाऊ कागद हवा होता,
मासळी बांधायला बरा, म्हणाला.
चोडणचं एक शीट मी काट्यावर ठेवलं नाही.
हिशेबात त्याचे बारा रुपये मी भरले.

काल अवसेचं उधाण. पाणी आमच्या पायऱ्या चढलं.
मी कंदील घेऊन खडूनं रेघ मारली,
बाजूला लिहिलं: भरती, अकरा पाच, शुक्रवार.
बायको म्हणाली, उद्या पुसून जाईल.
जाईल.

सकाळी मॅडमना फोन केला.
कसा आहेस नाही, काही नाही.
"कितवी पायरी?"
"दुसरी."
थोडा वेळ कागद उलटल्याचा आवाज.
"आणि खडू? जाड की बारीक?"